मोठ्या कॅलिबरनं नेमाची चूक भरून निघते का?

ठाण्याच्या एका तरुणानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षं क्लबात .२२ रायफल चालवतोय, आडवं पडून ५० मीटरवर बऱ्यापैकी गुण येतात. मेहुणे नामिबियात विंडहुकला असतात. त्यांच्या ओळखीच्या फार्मवर जूनमध्ये कुडू आणि ओरिक्स या मोठ्या हरणांच्या शिकारीला बोलावणं आहे, जमलं तर त्यांच्याहून मोठ्या ईलंडच्याही. फार्मवर दोन रायफली मिळतील, एक .३०८ विंचेस्टर आणि एक .३७५ हॉलंड अँड हॉलंड (हे आकडे कॅलिबरचे, म्हणजे गोळीच्या जाडीचे, इंचांत). एक मित्र म्हणतो, ".३७५ घे, ताकद जास्त असली की गोळी थोडी इकडेतिकडे लागली तरी जनावर पडतं." दुसरा म्हणतो, "आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्यानं ७ मिलिमीटरच्या रायफलीनं हत्ती मारले, कॅलिबरवर काही नसतं, हातात कसब पाहिजे." यातलं खरं कुणाचं?

मी लालबागला वाढलो, वरळीच्या रेंजवर नेमबाजी शिकलो आणि खाणीतल्या नोकरीमुळे एकवीस वर्षं नामिबियात काढली. तिथल्या हिवाळ्यात आजूबाजूच्या फार्मांवर मांसासाठी शिकार करायचो. पुढे नोंदणीकृत मार्गदर्शकाबरोबर पाहुण्यांना घेऊन जाण्यात मदतही केली. आता मुंबईत परत आलोय आणि आठवड्यातून तीन दिवस पोरांना रायफल शिकवतो. जे लिहितोय ते त्या एकवीस वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं मत आहे. नामिबियाची गोष्ट निराळी. तिथं १९७५ च्या वटहुकमानं फार्ममालकांना आपल्या जमिनीवरच्या जनावरांवर हक्क मिळाले, त्यामुळे कुडू आणि ओरिक्स हा तिथल्या शेतीचाच भाग आहे. हे उत्तर तिथल्या कायदेशीर शिकारीपुरतं आहे. इथं कुणी शेतात घुसणाऱ्या डुकराला ते लावू नये.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंत कोणती रायफल घेऊ, पण मला त्यात ऐकू येतं ते असं: माझा हात कच्चा आहे हे मला माहीत आहे, तो कच्चेपणा रायफल झाकेल का? तुम्ही हे प्रामाणिकपणे मनात आणलंत याचा मला आनंद आहे, कारण बहुतेक लोक तो विचार जनावर जखमी झाल्यावर करतात.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथं मत चालत नाही. नामिबियात जनावरानुसार गोळीच्या किमान ऊर्जेची अट आहे. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणांना १,३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स, ईलंड यांना २,७०० ज्यूल आणि रानम्हैस, हत्ती यांना ५,४०० ज्यूल. ही ऊर्जा नळीच्या तोंडाशी मोजलेली. .३०८ मधून १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅम वजनाची, गोळी साधारण ३,७०० ज्यूल घेऊन निघते. .३७५ मधून ३०० ग्रेनची गोळी साधारण ५,८०० ज्यूल. म्हणजे तुमच्या तिन्ही जनावरांसाठी .३०८ कायद्यातही बसते आणि वर हजार ज्यूल शिल्लक राहतात. रानम्हशीला जात असतात तर हा प्रश्नच उरला नसता, .३७५ घ्यावीच लागली असती. त्या अटीमागे विचार आहे: सहा-सातशे किलोच्या, उलटून अंगावर येणाऱ्या जनावराच्या हाडांमधून गोळी आत पोचली पाहिजे, आणि तिथं कितीही चांगला नेमबाज हलक्या गोळीला खोली देऊ शकत नाही.

एका मर्यादेखाली कसब कामाचं नाही, एवढं तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा. तुमच्या बाबतीत ती मर्यादा .३०८ नं आधीच ओलांडलेली आहे. त्यामुळे त्या मर्यादेच्या वर जी जास्तीची ताकद आहे, ती तुम्हाला काय देते एवढाच प्रश्न राहतो.

लोकांच्या डोक्यात असं चित्र असतं की मोठी गोळी जनावराला आपटते, ढकलून पाडते. हिशोब करून पाहा. ३०-०६ ही .३०८ च्याच जाडीची, जरा वेगवान रायफल. तिची १८० ग्रेनची गोळी म्हणजे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ८२३ मीटर. वजन गुणिले वेग केलं तर येतो जेमतेम साडेनऊ एककांचा संवेग. तो सगळाच्या सगळा अडीचशे किलोच्या कुडूत उतरला तरी कुडूला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे चार सेंटिमीटर. मुंगीही त्याहून फार मागे नसते. आणि जनावराला आडवं पाडील एवढा धक्का गोळीत असता, तर तेवढाच धक्का दस्त्यातून तुमच्या खांद्यालाही बसला असता. जनावर मरतं ते छातीतल्या फुप्फुसांना, हृदयाला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना भोक पडल्यामुळे. रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळेनासं होतं आणि दहा-पंधरा सेकंदांत जनावर खाली बसतं. तेवढ्या वेळात ते शंभरेक मीटर धावूही शकतं. उत्तम बार लागलेले कुडू असे धावताना मी कितीतरी पाहिले आहेत.

म्हणून ताकद गोळीला खोल नेते. बाजूला नेत नाही. हे मी पाहुण्यांना फळीवर दोन भोकं दाखवून समजावायचो. .३०८ ची गोळी ७.८ मिलिमीटर जाडीची, .३७५ ची ९.५ मिलिमीटर. फरक पावणेदोन मिलिमीटरचा. आत गेल्यावर दोन्ही फुलतात, तरी फरक काही मिलिमीटरांतच राहतो. आता दुसऱ्या बाजूचा हिशोब. नळी साधारण साठ सेंटिमीटर लांब असते. बार काढताना तिचं टोक एक मिलिमीटर खाली झुकलं, तर शंभर मीटरवर गोळी साडेसोळा सेंटिमीटर खाली जाते. एक मिलिमीटर म्हणजे सुतळीएवढाही नाही. मोठं कॅलिबर घेऊन तुम्ही कमावता मिलिमीटर, आणि त्याच्या धाकानं हात हलला तर गमावता वीतभर.

हात हलतो हे बहुतेकांना पटत नाही. धक्का तर बार झाल्यावर बसतो, मग त्यानं नेम कसा बिघडेल? बिघडवतो तो पुढच्या धक्क्याचा अंदाज. गोळी नळीतून दीडएक मिलिसेकंदात बाहेर पडलेली असते, त्या वेळात शरीर काही करूच शकत नाही. पण शरीराला एकदा मार बसला की पुढच्या वेळी ते ट्रिगर दाबायच्या क्षणालाच आवळतं. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, डावा हात नळीला खाली ओढतो. हे सगळं तुमच्या नकळत.

याची परीक्षा एकच आहे आणि ती मी आजही पोरांची घेतो. पाच काडतुसांत दोन नकली मिसळायची, रायफल मीच भरून द्यायची, नेमबाजाला पाहू द्यायचं नाही. खरा बार असतो तेव्हा आवाज आणि उसळी यांत सगळं झाकून जातं. नकली काडतुसावर मात्र नुसता 'टक' असा आवाज येतो, आणि त्या शांततेत नळीचं टोक स्पष्टपणे खाली डुबकी मारताना दिसतं. नामिबियात एका धिप्पाड गड्याची ही परीक्षा घेतली होती. चार हजार रानडुकरं मारल्याच्या थाटात तो बोलत होता. .३७५ वर तिसराच बार नकली निघाला आणि नळी चक्क चार बोटं खाली आली. तो काही न बोलता रायफल ठेवून उठला. संध्याकाळी स्वतःच येऊन म्हणाला, उद्या मला लहान रायफल द्या. त्याचा मला फार आदर वाटला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं एका बारात ओरिक्स घेतला.

आकड्यांत सांगायचं तर साडेतीन-चार किलोच्या .३०८ चा धक्का साधारण चोवीस ज्यूलचा, .३७५ चा पन्नासच्या आसपास. तुमच्या .२२ चा एका ज्यूलपर्यंतही पोचत नाही. .३७५ चा धक्का अनुभवी माणसं सहज झेलतात हे खरं आहे. ती रायफल वजनदार असते आणि तिचा धक्का थपडेसारखा नसून लोटल्यासारखा असतो. पण त्यासाठी शंभर-दीडशे काडतुसं, तीही थोडी थोडी, महिनाभर मारावी लागतात. फार्मवर पोचल्यावर पहिल्या सकाळी तीन बार काढून ते होत नाही.

याची किंमत कोण मोजतं, ते एका प्रसंगातून सांगतो. मुंबईहून आलेला एक पाहुणा होता, त्यानं .३०० विंचेस्टर मॅग्नम आणली होती. फारच ताकदवान रायफल. फळीवर त्यानं तीनच बार काढले, खांदा दुखतोय म्हणून थांबला. गोळ्या कुठे लागतात ते पाहायला मी आणखी दोन बार काढायला सांगितले तर म्हणाला, जनावरासाठी राखून ठेवतो. मी तिथंच अडून बसायला हवं होतं. बसलो नाही, ती चूक माझी. त्यानंतर नव्वद मीटरवर ओरिक्सचा नर आडवा उभा. बार झाला आणि ओरिक्सनं पाठ कमानीसारखी वर उचलली आणि झाडीत निघून गेला. पाठीची ती कमान पाहिली की पोटात गोळी लागल्याचं कळतं. गवताच्या पात्यांवर पाहिलं तर रक्त काळपट, आणि त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे कण. फुप्फुसाचं रक्त फेसाळ गुलाबी असतं, हे तसं नव्हतं.

आम्ही तासभर थांबलो, कारण पोटात लागलेल्या जनावराला लगेच उठवलं तर ते मैलोगणती जातं. मग दामारा समाजातला एक म्हातारा माग काढणारा पुढे आणि आम्ही मागे. वाळूत ओरिक्स एक पाय किंचित ओढत गेला होता, तेवढ्या खुणेवर म्हातारा चालला. पावणेसहा तास. सूर्य टेकायला आला तेव्हा बाभळीच्या झुडपाखाली ओरिक्स बसलेला सापडला, जिवंत, आमच्याकडे तोंड करून. ते मी विसरलेलो नाही. सोलल्यावर पाहिलं: गोळीनं आपलं काम चोख केलं होतं. आत फुलून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली होती. फक्त ती एक वीत आणि चार बोटं मागे लागली होती. .३०० ऐवजी .३७५ असती तरी ते पोटच होतं.

त्याच मोसमात फार्ममालकाची पुतणी, उंचीनं जेमतेम पाच फूट, आजोबांची जुनी ७ बाय ५७ माउजर घेऊन कुडू मारून आली. ऐंशी मीटर, एक बार, साठ पावलांवर कुडू पडला. ती दहा वर्षांची असल्यापासून तीच एक रायफल वापरत होती.

आता बेलबद्दल, कारण तुमच्या दुसऱ्या मित्रासारखे लोक त्याचं नाव फार घेतात. डब्ल्यू. डी. एम. बेलनं हजाराहून जास्त हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीनं, म्हणजे त्याच ७ बाय ५७ नं, हे खरं आहे. पण तो न फुलणाऱ्या, पूर्ण कवचाच्या लांब गोळ्या वापरायचा, ज्या हाडातून सरळ जातात. हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठे आहे हे त्यानं आधी पाहिलं होतं. वर्षानुवर्षं तोच एक धंदा केला होता. त्याच्यावरून लहान कॅलिबर पुरतं हा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. त्यानं शरीररचनेचा अभ्यास केला, तेवढं मात्र आपण त्याच्याकडून घ्यावं.

तो अभ्यास तुम्ही ठाण्यात बसून करू शकता, आणि नवख्या माणसाला मी रायफलीआधी हेच करायला लावतो. रविवारी सकाळी लवकर खाटकाकडे जा, बोकड सोलून टांगलेला असताना आणि आतलं अजून काढलेलं नसताना. त्याला सांगा, दिल कुठे बसतं ते दाखव. ते पुढच्या दोन पायांच्या अगदी मध्ये, तळाशी असतं, आपण समजतो त्यापेक्षा खूप पुढे आणि खूप खाली. त्याच्यावर आणि मागे दोन्ही बाजूंना फोपसं. मग एक पातळ पडदा. आणि त्या पडद्याला चिकटून लगेच कलेजी आणि वजडी. फोपसं आणि वजडी यांच्यात बोटभरही रिकामी जागा नाही. ओरिक्सच्या त्या पाहुण्याची गोळी पडद्याच्या चुकीच्या बाजूला गेली होती, एवढंच.

आपल्याकडे जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी 'फऱ्यामागे मार' असं असायचं. आफ्रिकेतल्या हरणांना ते लावू नका. कुडू आणि ओरिक्स पूर्ण आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मध्यरेषेवरून नजर वर न्या आणि शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबा. गोळी थोडी वर गेली तर फुप्फुसं, थोडी पुढे गेली तर फऱ्याचं हाड आणि त्यामागच्या वाहिन्या. चुकीला जागा याच नेमात आहे. ओरिक्सच्या खांद्यावर उंचवटा असतो, त्यामुळे छाती आहे त्यापेक्षा वर वाटते आणि लोक वरून मारतात. पाठीच्या कण्याच्या वरून, मणक्यांच्या उंच काट्यांना लागून गोळी गेली की जनावर खाली कोसळतं आणि तुम्ही टाळ्या वाजवेपर्यंत उठून निघून जातं. कोसळलं तरी दुसरं काडतूस आत ढकला आणि नेम ठेवून उभे राहा.

गोळीच्या बनावटीबद्दल थोडंसं, कारण ताकदीच्या नावावर होणारे निम्मे वाद खरं तर तिचे असतात. १९४६ मध्ये जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्यानं कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चिखलानं माखलेल्या मूसवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणावर, .३०० हॉलंड अँड हॉलंडनं बार काढले. रायफल ताकदवान, वेग भरपूर, आणि नेमका त्या वेगामुळेच गोळी कातडीखाली फुटून विखुरली, आत गेलीच नाही. त्यानं मोठी रायफल घेतली नाही. मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा भाग शाबूत राहून आत शिरतो. तीच नोस्लर पार्टिशन, १९४८ पासून विकली जाते. तेव्हा मेहुण्यांकरवी फार्मवर एवढंच विचारा की .३०८ साठी १६५ किंवा १८० ग्रेनच्या, शिसं कवचाला जोडलेल्या किंवा सबंध तांब्याच्या गोळ्या मिळतील का. लक्ष्यभेदाच्या स्पर्धेच्या गोळ्या नकोत. दुर्बिणीच्या ब्रँडवर वेळ घालवू नका, फार्मवर जी असेल ती पुरते.

.३७५ ची बाजू मी घेतच नाही असं समजू नका. ईलंडचा मोठा नर आठ-नऊशे किलोपर्यंत जातो, आपल्या गव्याच्या जवळपास. तो तिरका, पाठमोरा उभा असेल तर गोळीला अर्धं पोट पार करून छातीत पोचावं लागतं, तिथं जड गोळी खरोखर उपयोगी पडते. जखमी जनावरामागे दाट झुडपात शिरावं लागलं तर माझ्याही हातात मी .३७५ च घेईन. ज्याला तिची सवय आहे त्यानं ती कुडूवर वापरली तरी काही बिघडत नाही, मांसही फारसं नासत नाही, कारण तिचा वेग बेताचा असतो. पण तिरका ईलंड मारायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. त्याला वळू द्या. नाही वळला तर जाऊ द्या. पहिल्या खेपेला ईलंडचा हट्ट धरू नये, असंही मी सांगेन.

काही गोष्टी मला इथून ठरवता येत नाहीत. फार्म कुठे आहे? ओटजिवारोंगोच्या बाजूला दाट काटेरी झाडी असते, ऐंशी-शंभर मीटरवर बार मिळतो. आग्नेयेला कलहारीच्या कडेला मोकळं मैदान आहे, तिथं दोनशे मीटरही होतात, आणि शंभर मीटरला नेम बांधलेली .३०८ दोनशेला साधारण बारा-चौदा सेंटिमीटर खाली मारते. तुमची शरीरयष्टी, चष्मा, त्या रायफलीच्या दस्त्याची लांबी, यांनीही फरक पडतो. त्या .३०८ चा दस्ता तुम्हाला फारच लांब असेल आणि .३७५ अंगाला बसत असेल, तर कदाचित माझं मत बदलेल, पण मग सरावाची काडतुसं दुप्पट धरा.

तुमच्या .२२ च्या गुणांचं काय? पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि त्यात तुम्ही गोळ्या घालता, म्हणजे ट्रिगर दाबायला तुम्ही शिकलात. हे फार मोठं भांडवल आहे. पण तिथं तुम्ही आडवे असता, अंगात जाकीट, हातात मोजा, दंडाला पट्टा, आणि वेळ भरपूर. माळावर तुम्ही उभे असाल, तीन काठ्यांवर रायफल टेकलेली, अर्धा तास वाकून चालल्यामुळे छाती भात्यासारखी हलतेय, आणि मार्गदर्शक कानात सांगतोय, डावीकडचा, आता.

म्हणून जूनपर्यंत सराव त्याचा करा. मंडपवाल्याकडून सहा फुटी तीन बांबूच्या काठ्या घ्या, वरून वीतभर खाली सायकलच्या ट्यूबनं बांधा, झाली तिपाई. रेंज अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तुमचीच .२२ तिच्यावर ठेवून उभ्यानं मारा. कागदावर आमटीच्या वाटीनं वर्तुळ काढा, सात सेंटिमीटरचं. पन्नास मीटरवर ते म्हणजे शंभर मीटरवर चौदा सेंटिमीटर. कुडूच्या छातीतली प्राणघातक जागा याच्या दुप्पट असते, पण निम्मी जागा घाबरण्यासाठी सोडायची. रायफल रिकामी, बोल्ट उघडा ठेवून फायरिंग पॉइंटवर राहू द्या, बाहेर दोन मिनिटं दोरीवरच्या उड्या मारा, परत या, भरा, आणि दहा सेकंदांत एकच गोळी. मग कागद बघून यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ दहा मारून त्यातल्या शेवटच्या आठ मोजू नका, जनावरावर पहिलीच मोजली जाते. अशा दहा सुट्या गोळ्यांपैकी नऊ वाटीत गेल्या की शंभर मीटर तुमचे. सात गेल्या तर मार्गदर्शकाला सांगायचं, मला साठ-सत्तरच्या आत न्या. तो त्याबद्दल तुम्हाला कमी लेखणार नाही. आपली मर्यादा आधी सांगणारा पाहुणा मिळाला की ती माणसं मनापासून खूश होतात, कारण माग त्यांना काढायचा असतो.

नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी किमान तीस सरावाच्या गोळ्या, मग शंभर मीटरवर रेनडिअरच्या आकृतीतल्या तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात पाच पैकी पाच. तिथं गोळीच्या किमान ऊर्जेचाही नियम आहे, पण ती पूर्ण असली म्हणून परीक्षा कुणाला माफ होत नाही. आपण आपली वाटीची परीक्षा तशी समजून द्यावी.

मोठ्या कॅलिबरचा सराव इथं मिळणार नाही हे धरूनच चाला. घरी, रिकामा ट्रिगर दाबायची सोय असलेल्या एअर रायफलनं रिकामा सराव करा, भिंतीवरच्या ठिपक्यावर, खिडकी लावून, खोलीत छर्रेसुद्धा न ठेवता. रोज वीस वेळा ट्रिगर, प्रत्येक वेळी 'टक' झाल्यावर ठिपका जागेवर आहे का ते पाहायचं. हीच सवय .३०८ वर टिकते.

तर .३०८ घ्या. मेहुण्यांना आजच कळवा की पहिला आख्खा दिवस शिकारीला ठेवू नका, फळीला ठेवा, आणि चाळीस काडतुसं तेवढ्यासाठी वेगळी काढायला सांगा. कानांवर बंद कप आणि आत फोमचे बोळे, दोन्ही घाला. निम्मी दचक आवाजाची असते. पाच-पाच गोळ्यांनंतर वीस मिनिटं सावलीत बसा. मधूनच मेहुण्यांना नकली काडतूस भरायला लावा आणि नळीच्या टोकाकडे बघायला सांगा. ते काय सांगतात ते मला कळवा. नळी हलत असेल तर कशी हलते यावरून चूक खांद्याची की डाव्या हाताची ते इथूनही सांगता येईल.